राजेश्वरी मॅडमची शेंगापोळी

कॉलेजच्या बैठकीत माणसाला झोप येते, सुट्टीचे बेत सुचतात, फार तर शेजाऱ्याच्या कागदावर फुल्ली-गोळा खेळता येतो. बिरुदेवला मात्र मंगळवारी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा-तपासणीच्या, बैठकीत गणितातलं एक उदाहरण सुचलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

बिरुदेव सोलापुरातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. वय बत्तीस-तेहतीस, अंगानं काटक, मूळचा सांगोल्याकडचा, घरी बापाची मेंढरं. समोर त्याचे प्राचार्य दर दोन वाक्यांनी 'गुणवत्ता' हा शब्द उच्चारत होते आणि हा विषयपत्रिकेच्या पाठीवर आपला टेकड्या काढत बसला होता. आधी एक मोठी टेकडी, मग तिच्यातून सुटलेली एक बारकी, मग त्याहून बारकी. काढता काढता पेन थांबलं. त्यानं मनातल्या मनात पडताळून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग कागदाची घडी खिशात टाकली.

त्या टेकड्यांनी राजेश्वरी मॅडमची अटकळ खोटी पाडली होती. आणि शनिवारी मॅडमचा निरोप समारंभ होता.

आता मॅडम कोण आणि अटकळ कसली, हे सांगायलाच हवं. नाहीतर टेकड्या काढून घाम फुटणारा माणूस खुळाच म्हणायचा.

राजेश्वरी मॅडम राहायला शुक्रवार पेठेत. खाली नवऱ्याचं, म्हणजे शिवयोगीअप्पांचं, चादरी-टॉवेलांचं दुकान आणि वर घर. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळं घरात कानडी, बाहेर मराठी आणि फळ्यापाशी गेलं की तिसरीच भाषा. पीएच.डी. केली धारवाडला, ॲनालिसिसमध्ये. एखादी गोष्ट दुसरीच्या जवळ जवळ जात राहते म्हणजे नेमकं काय होतं, याचा कीस काढणारी गणिताची ही शाखा. तिथल्या गुरुजींनी 'पुढं मोठ्या संस्थेत जा' म्हणून सांगितलं होतं. पण लग्न झालं, बाई सोलापुरात आल्या आणि ज्या कॉलेजात लागल्या तिथंच केस पांढरे केले. पेपर मोजकेच लिहिले, पण लांबलांबच्या माणसांनी वाचले. एकदा पोलंडच्या एका प्राध्यापकानं त्यांच्या प्रमेयाबद्दल कॉलेजच्या पत्त्यावर विचारणा केली, तर ऑफिसनं ती मेल लॉटरीची फसवणूक समजून उडवून टाकली. त्यानं दुसऱ्यांदा थेट मॅडमना लिहिलं तेव्हा हे कळलं. मॅडम त्यावर चिडल्या नाहीत. "निकाल तोच लागला की, आपल्याला काहीच मिळालं नाही," असं म्हणून हसल्या आणि त्या माणसाला स्वतः उत्तर लिहिलं.

बिरुदेव त्यांच्याकडं एम.एस्सी.ला आला तेव्हा त्याला हा विषय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी होता. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी त्याला उभं केलं.

"घरी काय असतं रे तुझ्या?"

"मेंढरं, मॅडम."

"किती?"

"असतील तीनशेक."

"दिवाळीनंतर चरायला कुठं नेतात?"

"नदीकाठानं. गावं बदलत बदलत लांब जातो की आमी."

"मग मला सांग, कळप पुढं गेला की मागच्या गावात किती मेंढरं उरली?"

"एक बी न्हाय."

"आणि त्याच्या पुढच्या गावात?"

"तितं बी थोडे दिस. मग तितं बी न्हाय."

"म्हणजे कुठल्याही गावात थांबून वाट बघितली, तर शेवटी शून्य मेंढरं. सगळ्या गावांच्या शून्यांची बेरीज किती?"

"शून्यच की."

"मग तुझ्या बापाची तीनशे मेंढरं गेली कुठं?"

वर्ग खो खो हसला. बिरुदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई आपली जात काढून चेष्टा करतेय, असंच त्याला वाटलं आणि त्यानं उद्याच गावाकडची एसटी धरायचं ठरवूनही टाकलं. पण मॅडमनी फळ्यावर एक टेकडी काढली, तिला उजवीकडं सरकवत सरकवत पार फळ्याच्या कडेला नेलं आणि म्हणाल्या, "हसू नका. या सेमिस्टरचं अर्धं पुस्तक बिरुदेवनं आत्ता समजावून सांगितलं. टेकडी कुठंच उरत नाही, पण तिच्याखालचं क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. ते कुठं जातं, हाच आपला विषय." त्या दिवसापासून बिरुदेव ॲनालिसिसला चिकटला तो मेंढराला गोचीड चिकटावी तसा.

मॅडमचा जन्माचा प्रश्न हाच होता. मेंढरं हरवू नयेत म्हणून कुंपण कसलं घालायचं? म्हणजे टेकड्यांच्या रांगेवर कुठल्या अटी घातल्या, तर शेवटी क्षेत्रफळ जेवढ्याला तेवढं हाती लागेल? दहा-अकरा वर्षांमागं त्यांनी असं एक कुंपण शोधलं. दोन साध्या, सुबक अटी. एवढ्या असल्या की एकही मेंढरू हरवत नाही, अशी त्यांची खात्री होती. खात्री म्हणजे सिद्धता नव्हे, म्हणून तिचं नाव अटकळ. सिद्धतेचं विचारलं की मॅडम म्हणत, "होईल आज संध्याकाळपर्यंत." आणि अप्पा खालून दुकानातून ओरडत, "संध्याकाळ कुठल्या सालातली, ते पण सांग की!"

आणि एक सांगायचं राहिलं. मॅडमच्या घरी दर गुरुवारी आजी-माजी विद्यार्थ्यांची बैठक बसायची. त्या बैठकीचा एक कायदा होता. कुणी काही मांडत असताना 'चूक' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. चूक दिसली तर मुकाट्यानं उठायचं, खडू घ्यायचा आणि ती गोष्ट जिथं मोडते असं उदाहरण फळ्यावर मांडायचं. उदाहरण पटलं की मांडणाऱ्यानं जागेवर जाऊन बसायचं. आणि पुढच्या गुरुवारी सगळ्यांसाठी घरनं शेंगापोळी आणायची. या कायद्यापायी कित्येक आयांनी शेंगदाणे कुटले. बिरुदेवची आई तर विचारायची, "लेका, तू गणित शिकतूस का आचारी हायस?" शेंगापोळीच्या दंडातून तीस-बत्तीस वर्षांत एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे खुद्द मॅडम.

तर अशा बाईची अटकळ बिरुदेवनं नॅकच्या बैठकीत मोडली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपलं उत्तर चुकलेलं असावं असं मनापासून वाटत होतं.

बुधवारी त्यानं प्रियंकाला गाठलं. प्रियंका गुरुवारच्या बैठकीतली जुनी जोडीदारीण, आता एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट. चहाच्या टपरीवर तिनं तो कागद उलटासुलटा करून वाचला. चहा थंड झाला, साय धरली, तरी ती वाचतच होती.

"कुटं चुकलंय का बघ की," बिरुदेव काकुळतीला आला. "चुकलं असंल बघ. दुसऱ्या ओळीत काय तरी गडबड हाय."

"गडबड कसली न्हाय." तिनं कागद परत दिला. "मॅडमचं कुंपण आख्ख्या कळपाला अडवतंय. मोटा घोळका सुटला तरी अडवतंय. पन तू एकेक बारका घोळका सोडलास. पैल्यापेक्षा दुसरा बारका, दुसऱ्यापेक्षा तिसरा. कुंपणाला पत्ताच न्हाय, आन शेवटी मेंढरांचं वाडगं मोकळं. बरोबर हाय, बिऱ्या. लई देखणं हाय."

"देखणं घालू का चुलीत? मॅडमला कोन सांगनार?"

"तू."

"तू चल की संगं."

"मी? मी आजवर त्या बाईला गाडीभर शेंगापोळी खिलवलीया. तुजं तू निस्तर." मग जरा मवाळ होऊन ती म्हणाली, "हे बघ, शनिवारी भाषणात त्या 'सिद्ध झालं' असं थोडंच म्हननार हायत? अटकळ हाय म्हनतील. अटकळ मोडली म्हनून कुनाचं घर जळत न्हाय. होऊ दे समारंभ. सोमवारी सांग."

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच बिरुदेवला पटला नाही. ज्या बाईनं आपल्याला मेंढरांसकट वर्गात जागा दिली, तिच्यापासून आठवडाभर लपवायचं? आणि शनिवारी समोर बसून टाळ्या वाजवायच्या? पण सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? इकडं आड, तिकडं विहीर.

गुरुवारी संध्याकाळी तो शुक्रवार पेठेत पोचला. समारंभाच्या गडबडीमुळं त्या दिवशी बैठक नव्हती. अप्पा दुकानात चादरींच्या घड्या घालत होते. "बा, बा," त्यांनी कानडीत या या केलं. "ऊटा आयता?" जेवलास का, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. "नसशील तर जेव, असशील तरी जेव. वर जा."

वर मॅडम दोन इरकली साड्या दोन खुर्च्यांवर पसरून उभ्या होत्या. "बरा आलास. यातली कुठली नेसू? अप्पा म्हणतात, दोन्ही एकच आहेत."

बिरुदेवलाही दोन्ही एकच वाटत होत्या. "डावी," तो म्हणाला.

मग ताट आलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. बिरुदेव खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याचा हातखंडा नव्हता. मॅडमनी दोनदा विचारलं, "काय रे, मेंढरू हरवल्यासारखा का बसलायस?" आणि त्यानं दोनदा "काय न्हाय, मॅडम" म्हटलं.

हात धुऊन तो फळ्यापाशी गेला. बाहेरच्या खोलीतला हा फळा मॅडमचा असला, तरी त्याचा डावा कोपरा अप्पांनी बळकावलेला होता. तिथं गॅस सिलिंडर कधी लावला आणि बीपीची गोळी कधी घ्यायची, हे लिहिलेलं असे. बिरुदेवनं खडू उचलला. एक टेकडी काढली. मध्येच वळून मॅडमकडं बघितलं, म्हणून टेकडीला दोन शेंडे आले.

अप्पा तेवढ्यात वर आले होते. "हे काय, उंट?"

"बस की, बिरू," मॅडम म्हणाल्या. त्यांचं फळ्याकडं लक्षच नव्हतं. त्या साडीची घडी घालत बोलत होत्या. "शनिवारी शेवटी अटकळच मांडणार आहे मी. खरं सांगू? तिसऱ्या पायरीशी अडतं. इतकी वर्षं तिथंच घोडं पेंड खातं. माझंच कुठंतरी कमी पडतं बघ. गुरुजी म्हणाले होते, मोठ्या संस्थेत जा, चार मोठ्या माणसांत बस. तेव्हा गेले असते तर सुटलंही असतं कदाचित. सोलापुरात बसून एवढीच अक्कल चालते माझी." आणि त्या हसल्या.

बिरुदेवला ते हसणं ओळखीचं होतं. लॉटरीच्या मेलवर हसल्या होत्या तेच. पण या वेळी त्याला त्या हसण्यामागचं दिसलं आणि त्याचं काळीज तुटलं. हिला आता कसं सांगायचं, की बाई, जे तुला जमलं नाही म्हणून तू झुरलीस, ते मुळात खोटंच होतं? साठाव्या वर्षी, निरोपाच्या दोन दिवस आधी? त्यानं खडू खाली ठेवला.

"येतो मॅडम. शनिवारी लवकर येतो."

अप्पांनी फडक्यानं उंट पुसला आणि त्या जागी सिलिंडरची नवी तारीख घातली.

शनिवारचा समारंभ मॅडमच्याच हट्टानं गॅलरीच्या वर्गात ठेवला होता. मोठ्या सभागृहात फळा नव्हता आणि फळ्याशिवाय निरोप घ्यायला त्या तयार नव्हत्या. वर्ग खच्चून भरला. तीस वर्षांतले विद्यार्थी आले होते: बँकेतले, चिंचोळीच्या कारखान्यांतले, दोन पुण्याहून, एक हैदराबादहून. पहिल्या बाकावर एम.एस्सी.च्या दोन मुली वह्या उघडून बसल्या होत्या. मागच्या दारापाशी शिवयोगीअप्पा, पांढऱ्या टोपीत.

नमनाला घडाभर तेल गेलं. मॅडमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी त्यांना 'गणिताची राणी' म्हटलं आणि कितीही मोठा गुणाकार त्या चुटकीसरशी तोंडी करतात असं छातीठोक सांगितलं. मागं अप्पांना ठसका लागला. बाईंना भाजीवाल्याचे सुटे पैसे कधी जुळले नव्हते, हे साऱ्या शुक्रवार पेठेला ठाऊक होतं.

मग मॅडम उभ्या राहिल्या. डावी इरकल नेसल्या होत्या. बोलल्या ते मात्र असं की, बँकेतली मंडळीही पुढं सरसावून बसली. धारवाडच्या गुरुजींबद्दल बोलल्या, पहिल्या पेपरात राहिलेल्या आणि छापायच्या आधी रात्रभर जागून बुजवलेल्या भोकाबद्दल बोलल्या, तीनशे मेंढरांची गोष्ट सांगितली. बिरुदेवकडं बघून सगळे हसले. या वेळी त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या नाहीत. शेवटी त्यांनी फळ्यावर दोन अटी लिहिल्या आणि खाली अटकळ मांडली.

"हे मला सिद्ध करता आलं नाही," त्या म्हणाल्या. "खरं आहे, एवढं मला माहीत आहे. म्हणून जाताना हे मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पदरात टाकते. या पहिल्या बाकावरच्या मुलींनो, लिहून घ्या. पाच वर्षं लागोत, दहा लागोत, सोडू नका. आणि सगळ्यांत आधी हे मी बिरुदेवला देते. माझ्यापेक्षा त्याला जास्त समजतं. जिथं मी कमी पडले, तिथून तो पुढं नेईल."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलींनी वाकून अटकळ उतरवून घ्यायला सुरुवात केली. प्राचार्यांनी बिरुदेवला वर बोलावून त्याच्या हातात माईक दिला. "दोन शब्द बोला सर. स्वीकार करा."

बिरुदेव माईक धरून उभा राहिला. मॅडम त्याच्याकडं कौतुकानं बघत होत्या. पहिल्या बाकावरचं पेन कागदावर सर्‌सर्‌ चाललं होतं. त्या पोरीची दहा वर्षं त्याला डोळ्यांपुढं दिसली. रोज संध्याकाळी ती तिसऱ्या पायरीशी अडणार, आणि माझंच कुठंतरी कमी पडतं म्हणून रोज रात्री झोपणार. प्रियंका मधल्या रांगेतून डोळ्यांनी 'बस, बस' म्हणत होती.

त्यानं माईक टेबलावर ठेवला, मुकाट्यानं फळ्यापाशी गेला आणि खडू घेतला.

कायदा ठाऊक असलेली जुनी मंडळी एकदम सावरून बसली. बाकीच्यांना वाटलं, सर आभाराचं काहीतरी लिहितायत. बिरुदेवनं एक टेकडी काढली. तिच्यातून सुटलेली एक बारकी. मग त्याहून बारकी. खाली तीन ओळी लिहिल्या आणि बाजूला सरकला.

मॅडम आधी हसत बघत होत्या. मग चष्मा नाकावरून वर सरकवला. मग फळ्याच्या अगदी जवळ गेल्या, इतक्या की नाकाला खडू लागला असता.

"हा तुकडा केवढा?" त्यांनी बोट ठेवलं.

"आधीच्याच्या निम्मा, मॅडम."

"पहिली अट?"

"पाळतूय."

"दुसरी?"

"ती बी पाळतूय. लई बारका हाय, कुंपणाला कळतच न्हाय." माईक नसतानाही त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. गावाकडची बोली तोंडातून कधी सुटली, त्याला समजलं नाही.

मॅडमनी त्याच्या हातातला खडू घेतला. एक बेरीज मांडली, ती चुकली, बोटानं पुसली, पुन्हा मांडली. मग खडू हळूच खाली ठेवला, वळल्या, तीन पायऱ्या उतरल्या आणि पहिल्या बाकावर त्या दोन मुलींच्या शेजारी जाऊन बसल्या.

प्राचार्य घाबरले. "अहो, मॅडमना बरं वाटत नाहीये का? पाणी आणा कुणी तरी!"

मागच्या दारातून अप्पांनी टोपी हवेत उडवली. "शेंगापोळी!" ते गरजले. "बत्तीस वर्षं वाट बघितली, शेंगापोळी!"

मग जो गोंधळ झाला तो त्या गॅलरीनं कधी ऐकला नसेल. बँकवाले बाकं बडवत होते, हैदराबादवाला शिट्ट्या घालत होता, प्रियंका बाकावर उभी राहून रडत की हसत होती, ते तिचं तिलाच माहीत. प्राचार्य पाण्याचा ग्लास घेऊन कुणाला द्यावा या विचारात मध्येच उभे होते. बिरुदेवला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. मॅडम पदर तोंडाला लावून खाली वाकल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. आपण हे काय करून बसलो, एवढंच त्याच्या मनात आलं. शेवटी शाल आली, श्रीफळ आलं, माणसांचा गराडा पडला आणि मॅडमशी एक शब्दही न बोलता तो घरी आला.

ते चार-पाच दिवस त्यानं कसे काढले ते विचारू नये. फोन करायला धजला नाही. गुरुवार उजाडला तेव्हा जाऊ नये असंच त्याच्या मनात होतं. प्रियंकानं दंडाला धरून नेलं म्हणून गेला.

शुक्रवार पेठेतल्या त्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात चपलांचा ढीग. मॅडम स्वयंपाकघरातून आल्या, पदराला गूळ आणि गालाला पीठ. हातात मोठी परात. आयुष्यात शेंगापोळी न केलेल्या बाईनं हट्टानं एकटीनं केली होती, आणि त्या पोळ्यांची तोंडं बघूनच ते कळत होतं. काही करपल्या होत्या, काहींच्या पोटातलं सारण बाहेर येऊन बसलं होतं. कायद्याप्रमाणं पहिली पोळी उदाहरण मांडणाऱ्याला. ती त्यांनी बिरुदेवच्या हातात ठेवली.

"मॅडम," तो म्हणाला, "गुरवारीच सांगनार होतो मी तुमाला. खडू बी उचललेला. तुमी म्हनला, माजंच कमी पडतंय, आन मला वाटलं, आता हे सांगितलं तर तुमाला लई लागंल..."

"खुळा आहेस." मॅडम त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या. "बिरू, दहा-अकरा वर्षं मी रोज स्वतःला सांगत होते, राजेश्वरी, तुझी कुवत एवढीच. दुसरं कुणी असतं तर हे कधीच सुटलं असतं. मोठ्या संस्थेत असतीस तर सुटलं असतं. शनिवारी त्या बाकावर बसले आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, ते कुणालाच सुटलं नसतं! धारवाडला नाही, पोलंडला नाही, कुठंच नाही. तिथं सिद्ध करायला काही नव्हतंच!" त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "मी कमी पडले नव्हते रे. केवढं ओझं उतरवलंस तू माझं. आणि तू हे मला सांगायला भीत होतास?"

पोळी खाऊन वेळ मारून न्यावी म्हणून बिरुदेवनं मोठा घास घेतला, तर तो तुटेचना. दोन्ही हातांनी ओढून तोडावा लागला. तो चावत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. ते पोळीमुळं असं प्रियंकाचं म्हणणं होतं.

"कशी झालीय?" मॅडमनी विचारलं.

खोलीभर चावण्याचा आवाज चालला होता. कुणी 'चूक' म्हणायचं नाही, हा कायदा सगळे पाळत होते. अप्पांनी मात्र आपली पोळी मुकाट्यानं उचलली आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्या फटीत घातली. दार थांबलं.

"पटलं," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं त्याच हसल्या.

मग त्या उठल्या. ओल्या फडक्यानं फळा पुसला. उजवा भाग पुसला आणि हात तसाच पुढं नेऊन डावा कोपराही पुसला. सिलिंडर गेला, बीपीची गोळी गेली. अप्पा त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघून नुसते मिशीत हसले. बाई निवृत्त होऊन पाच दिवस झाले होते आणि फळा मात्र पहिल्यांदाच सगळा त्यांचा झाला होता.

"आता सांगा," त्या खडू झटकत म्हणाल्या. "घोळका अडवून भागत नाही. एकेकटं मेंढरू सुटतं, त्याला अडवायला तिसरी अट कुठली घालायची?"

बिरुदेवला राहवेना. त्यानं डोळे पुसले, खडू मागून घेतला आणि धडाधडा एक अट लिहून टाकली. चार दिवस झोप नव्हती, तेव्हा हेच तर डोक्यात घोळत होतं. मांडता मांडता तो रंगात आला. मॅडम हाताची घडी घालून ऐकत होत्या. मग त्यांनी तोंडातून शब्द न काढता दुसरा खडू घेतला आणि मोकळ्या झालेल्या डाव्या कोपऱ्यात एक छोटीशी टेकडी काढली.

बिरुदेवनं ती पाहिली. डोकं खाजवलं. आणि मुकाट्यानं जाऊन जागेवर बसला.

"चला," दारातली पोळी पायानं आणखी आत सारत अप्पा म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बिरूच्या आईच्या हातची. खायला तरी मिळेल."